दमा आणि घरगुती उपाय : काय करावे, काय टाळावे

कुटुंबांसाठी व आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी आरोग्य-शिक्षण पत्रक

घरात कोणाला दम लागू लागला की पहिला हात स्वयंपाकघरातील डब्यांकडे जातो. कोठे आले-तुळशीचा काढा उकळतो, कोठे मोहरीच्या कोमट तेलाने छाती चोळली जाते, कोठे ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला जातो. प्रांत बदलला की उपाय बदलतो. त्यामागील माया मात्र सर्वत्र सारखीच असते. या उपायांपैकी कोणते खरोखर आराम देतात, कोणते निरुपद्रवी पण निरुपयोगी आहेत आणि कोणते जिवावर बेतू शकतात, हे या पत्रकात सांगितले आहे.

जागतिक आजारभार अभ्यासाच्या २०१९ मधील अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के रुग्ण आपल्या देशात आहेत; परंतु दम्यामुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यूही आपल्याच देशात होतात. रोगनिदानास होणारा विलंब, नियमित औषधाचा अभाव आणि झटक्याच्या वेळी वाया जाणारा वेळ ही यामागील मोठी कारणे आहेत. यांतील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत.

दम्यात शरीरात काय घडते?

आपण घेतलेला श्वास नाकातून घशात, तेथून मुख्य श्वासनलिकेत आणि मग झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाणाऱ्या बारीक नलिकांतून फुप्फुसांत पोहोचतो. दमा असलेल्या व्यक्तीच्या या नलिकांच्या आतील अस्तराला कायम सूज असते. बाहेरून काही त्रास दिसत नसला तरी ही सूज आत टिकून असते. धूर, धूळ, परागकण, सर्दी, थंड हवा किंवा परिश्रम यांपैकी एखादे कारण घडले की तीन गोष्टी एकाच वेळी होतात : नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद झाल्यामुळे हवा बाहेर टाकणे कठीण जाते. त्यातूनच छातीत घरघर, सुईसुई असा आवाज, छातीवर दाब, धाप आणि रात्री किंवा पहाटे वाढणारा खोकला ही लक्षणे दिसतात.

प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. हृदयविकार, रक्तक्षय, क्षयरोग, चुलीच्या किंवा विडीच्या धुराने जडलेला फुप्फुसांचा जुनाट विकार यांतही दम लागतो. लहान मुलाला अचानक ठसका लागून श्वास अडखळू लागला, तर शेंगदाणा, फुटाणा यांसारखी वस्तू श्वासमार्गात अडकलेली असू शकते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. म्हणून घरगुती असो वा अन्य, कोणत्याही उपायाआधी निदान झाले पाहिजे.

पंपाविषयीची भीती

दम्याच्या उपचारात दोन प्रकारची औषधे असतात. पहिले नियंत्रक औषध. ते आतील सूज कमी करते. त्यात अल्प मात्रेतील स्टिरॉइड असते आणि त्रास नसतानाही ते सांगितल्याप्रमाणे घ्यावे लागते. दुसरे आराम देणारे औषध. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. सूज मात्र कमी करत नाही. केवळ आराम देणाऱ्या पंपावर वर्षानुवर्षे दिवस काढणे धोक्याचे आहे, कारण आतील सूज तशीच वाढत राहते. काही रुग्णांना ही दोन्ही कामे करणारा एकच पंप दिला जातो. तो कसा वापरायचा, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे.

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हा शेवटचा उपाय’, ‘मुलीला पंप दिला तर लग्नाला अडचण येईल’ या समजुतींमुळे अनेक घरांत पंप कपाटात दडवून ठेवला जातो. पंपाची सवय लागत नाही. उलट पंपातील औषध थेट श्वासनलिकांत जात असल्याने त्याची मात्रा फार थोडी पुरते. साल्ब्युटामॉल या औषधाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते; त्याच औषधाच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका फवाऱ्याच्या वीस ते चाळीस पट. गोळीतील औषध पोटातून रक्तात, रक्तातून सर्व शरीरात जाते. म्हणूनच हातांचा कंप आणि छातीतील धडधड गोळीने अधिक होते. नियंत्रक पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही आणि आवाज बसत नाही.

स्वयंपाकघरातील उपायांची पारख

आले, तुळस, गवती चहा, मिरी यांचा काढा. कोमट काढ्याने घशाला बरे वाटते, शरीरात पाणी जाते, सर्दीचा त्रास हलका वाटतो. मर्यादित प्रमाणात घेण्यास हरकत नाही. मात्र काढ्याने आवळलेली श्वासनलिका मोकळी होत नाही. दिवसातून अनेकदा कडक काढा घेतल्यास जळजळ व आम्लपित्त वाढते, आणि घशाशी येणारे आम्ल दम्यालाही चिथावणी देऊ शकते.

मध. एक वर्षावरील मुलांत रात्रीचा साधा खोकला मधाने थोडा शमतो. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. दम्यावर मध हा उपचार नाही.

हळदीचे दूध. हळदीतील घटकांवर संशोधन झाले आहे. परंतु दमा आटोक्यात ठेवण्यासाठी त्यावर विसंबता येईल असा पुरावा नाही. आवडत असल्यास घ्यावे, औषधाच्या जागी घेऊ नये.

कॉफी आणि चहा. कॅफीन हे दम्यावरील थिओफिलिन या जुन्या औषधाच्या कुळातील आहे. कॉफीने श्वासनलिका काही तास किंचित रुंदावतात, हे खरे आहे. हा परिणाम इतका अल्प आहे की झटक्यात त्यावर अवलंबून राहता येत नाही. श्वासाची तपासणी करायची असल्यास मात्र त्याआधी किमान चार तास चहा-कॉफी घेऊ नये. अन्यथा तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो.

अडुळसा आणि ज्येष्ठमध. अडुळशातील व्हॅसिसीन या घटकाच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. वनस्पतींत औषधी गुण असतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. तथापि घरी उकळलेल्या पानांतून किती घटक पोटात जातो, हे मोजता येत नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. दम्याची काही औषधेही पोटॅशियम कमी करतात. म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी व गर्भवतींनी ते टाळावे. आयुष पद्धतीचे औषध घ्यायचे असल्यास नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या चिकित्सकांना एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी.

वाफ. बंद नाकाला वाफेने थोडा वेळ आराम वाटतो. खालच्या श्वासनलिकांतील आकुंचन त्याने सुटत नाही. काही रुग्णांत उष्ण, दमट हवेने खोकला वाढतो. याहून मोठा धोका भाजण्याचा आहे. उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर किंवा पलंगावर ठेवून, डोक्यावर चादर घेऊन बसवलेली मुले गंभीर भाजतात. लहान मुलांना अशी वाफ देऊ नये.

तेल चोळणे, शेक, कापूर. कोमट तेलाचा हलका हात मुलाला धीर देतो, एवढाच त्याचा उपयोग. तेल नाकात घालू नये. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. त्याची वडी मुलांच्या हाती लागू देऊ नये व पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नये. उग्र वासाचा मलम बाळाच्या नाकाला लावू नये. त्या वासाने श्वास अधिक अडखळू शकतो.

धुरी. ओवा, लसणाच्या साली, कडुलिंबाचा पाला, धूप किंवा शेणी यांचा धूर दम्याच्या रुग्णाला देणे अपायकारकच आहे. धूर कोणत्याही वनस्पतीचा असला तरी सुजलेल्या नलिकेला तो धूरच असतो. धोत्र्याच्या पानांची विडी ओढण्याची जुनी पद्धत तर विषारी आहे. तिच्यामुळे भ्रम, काचबिंदूचा त्रास व हृदयाचे ठोके अनियमित होणे असे परिणाम संभवतात.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

केळे, दही, भात, लिंबू, पेरू ‘थंड’ म्हणून वर्षभर बंद करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. एखाद्या पदार्थाने त्या व्यक्तीला खरोखर त्रास होतो, असे वारंवार दिसून आले किंवा तपासणीत ॲलर्जी आढळली, तरच तो पदार्थ वर्ज्य करावा. सरसकट पथ्यामुळे वाढत्या वयातील मुलांचे दूध, फळे व कडधान्ये कमी होतात. मूल अशक्त होते आणि सर्दी-खोकल्याला अधिक बळी पडते. स्थूल व्यक्तींनी वजन कमी केल्यास दम्याचा त्रास घटतो. काही प्रौढ रुग्णांना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तीव्र झटका येतो. म्हणून दुकानातून वेदनाशामक घेताना आपल्याला दमा असल्याचे आवर्जून सांगावे.

नाव नसलेली पुडी

‘दमा मुळापासून बरा’ अशी हमी देणाऱ्या पुड्या, काळ्या गोळ्या व भुकट्या बाजारात, रेल्वे स्थानकांबाहेर आणि टपालाने सर्रास मिळतात. घेतल्यावर दोन दिवसांत मोकळे वाटते, भूक वाढते, चेहरा भरतो. घरचे समाधान मानतात. परंतु अशा बिननावाच्या औषधांत तोंडावाटे घेण्याचे स्टिरॉइड मोठ्या प्रमाणात मिसळलेले आढळले आहे. काहींत शिसे, पारा असे धातूही असतात. भरलेला चेहरा हे बऱ्याचदा त्या छुप्या स्टिरॉइडचे लक्षण असते. पुढे रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, मुलांची उंची खुंटते. पुडी एकाएकी बंद केल्यास जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. आपण असे औषध घेत असाल तर ते स्वतःहून बंद न करता, उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणी रागावेल म्हणून ती लपवू नये. त्या पुडीमुळेच पुढील उपचार ठरवता येतात.

शरद पौर्णिमेच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध किंवा मृगाच्या आरंभी हैदराबादेत जिवंत माशातून दिले जाणारे औषध यांसाठी दूरदूरहून रुग्ण जातात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा विषय आहे. मात्र त्यांनी दमा बरा होतो, याला शास्त्रीय आधार नाही. जाणाऱ्यांनी नियंत्रक औषध बंद करू नये, गर्दीत व प्रवासात आराम देणारा पंप जवळच ठेवावा.

घरात खरोखर करण्याजोगे उपाय

१. धूर घराबाहेर. विडी-सिगारेट घरात कोणीही ओढू नये. गॅलरीत ओढून आलेल्याच्या कपड्यांतूनही धूर आत येतो. लाकूड व शेणीच्या चुलीऐवजी गॅस वापरावा; पात्र कुटुंबांना प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून जोडणी मिळते. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी. डास घालवण्याची कॉइल निरुपद्रवी समजू नये : एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके असल्याचे एका अभ्यासात मोजले गेले आहे. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. अगरबत्ती व धूप रुग्णाच्या खोलीत लावू नयेत.

२. अंथरुणाची निगा. गादी, उशी व गोधडीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावेत. गाद्या व गोधड्या कडक उन्हात टाकाव्यात. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. झाडलोट, जाळी काढणे, रंगकाम चालू असताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत बसावे.

३. ओल आणि झुरळे. पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी व झुरळांची विष्ठा ही दम्याची मोठी कारणे आहेत. गळती दुरुस्त करावी, ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळवू नयेत, उष्टी भांडी व उघडे अन्न रात्रभर ठेवू नये.

४. हवेकडे लक्ष. दिवाळीतील फटाके, उत्तर भारतात हिवाळ्याच्या तोंडाशी जळणारे शेतातील काड, वसंतातील परागकण यांचा अंदाज आधीच असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहता येतो. तो २०० च्या वर असेल तर बाहेरचा व्यायाम टाळावा.

५. श्वसनाचे व्यायाम. अनुलोम-विलोम, भ्रामरी असे संथ श्वसन नियमित केल्यास त्रासाची जाणीव कमी होते व जीवनमान सुधारते, असे अभ्यासांत आढळले आहे. ते औषधाला पूरक आहेत. झटका चालू असताना व्यायाम करू नयेत. कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या वेगवान क्रिया दमा आटोक्यात नसताना टाळाव्यात.

६. बाटलीचा स्पेसर. घरात तयार करता येणारे हे खरे उपयोगी साधन आहे. पंप नुसता तोंडात धरून दाबल्यास बरेचसे औषध घशावर आदळून वाया जाते. मधे पोकळ नळकांडे असल्यास ते श्वासाबरोबर खाली उतरते. विकतचा स्पेसर उपलब्ध नसेल तर ५०० मिलिलीटरची स्वच्छ, कोरडी प्लास्टिकची बाटली घ्यावी. तळाशी पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडावे, पंप त्यात घट्ट बसवावा व फट चिकटपट्टीने बंद करावी. पंप हलवून बाटलीचे तोंड ओठांनी घट्ट धरावे, एक फवारा सोडावा आणि चार ते सहा वेळा संथ श्वास घ्यावा. मगच दुसरा फवारा सोडावा. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळू द्यावी. लहान मुलांसाठी तोंड-नाक झाकणारा मास्क लागतो. तो आरोग्य केंद्रात विचारावा. भुकटीच्या पंपासोबत स्पेसर वापरत नाहीत.

झटक्याच्या वेळी : उशीर हाच मोठा शत्रू

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. नऊ वर्षांची मुलगी उठून बसली आहे. आजी काढा ठेवते, आई छाती चोळते, वडील वाफेचे पाणी तापवतात. पाऊण तास जातो. घरघर थांबते आणि सर्वांना वाटते, उतार पडला. प्रत्यक्षात नलिका इतक्या आवळल्या आहेत की आवाज करण्याइतकीही हवा आत जात नाही. या घरात मायेची उणीव नव्हती. फक्त क्रम चुकला. आधी पंप, मग रुग्णालय, आणि काढा मुलगी बरी झाल्यावर.

झटका आल्यास पुढीलप्रमाणे करावे :

रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. घट्ट कपडे सैल करावेत. धीर द्यावा, गर्दी हटवावी.

साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून द्यावा. एका वेळी एकच फवारा, प्रत्येकानंतर चार ते सहा श्वास. चार फवाऱ्यांनंतर आराम नसेल तर दहापर्यंत द्यावेत. डॉक्टरांनी लेखी आराखडा दिला असेल तर तो पाळावा.

आराम पडत नसेल, किंवा खालीलपैकी एकही खूण दिसली, तर १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा, आणि मदत येईपर्यंत पंप देत राहावे : एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, बरगड्यांमधील व गळ्याजवळील खळगे आत ओढले जाणे, गुंगी किंवा गोंधळ, बाळाला दूध ओढता न येणे, धाप असताना छातीतील आवाज एकाएकी नाहीसा होणे.

पंपाने बरे वाटले तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपला दमा आटोक्यात आहे का?

गेल्या चार आठवड्यांविषयी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का? दम्यामुळे रात्री झोपमोड झाली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा घ्यावा लागला का? दम्यामुळे काम, शाळा किंवा खेळ टाळावा लागला का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर उपचारात बदल आवश्यक आहे. सोबत पंप न्यावा आणि तो कसा घेता, हे परिचारिकेला करून दाखवावे. पद्धतीतील लहानशी चूक सुधारताच अनेकांचा त्रास कमी होतो.

गर्भवतींनी भीतीपोटी पंप बंद करू नये. आईचा श्वास कमी पडला तर बाळाचा प्राणवायूही कमी पडतो. शाळकरी मुलाचा पंप दप्तरात असावा व वर्गशिक्षकांना त्याची माहिती असावी.

मदत कोठे मिळेल?

जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय येथे तपासणी करून घ्यावी. ब्युडेसोनाइड व साल्ब्युटामॉल ही श्वासावाटे घेण्याची औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत. जनऔषधी केंद्रांत औषधे कमी दरात मिळतात. कोठे जावे हे न कळल्यास आपल्या भागातील आशा कार्यकर्तीला विचारावे.

लक्षात ठेवावे : काढा घशाला, पंप श्वासाला. धूर कोणताही असो, तो रुग्णापासून दूर. बिननावाची पुडी घरात नको. आणि रात्री-अपरात्री दम लागला, तर चूल पेटवण्याआधी पंप हाती घ्यावा.

हे पत्रक वाचून झाल्यावर पंप जेथे ठेवला आहे त्या जागेजवळ लावून ठेवावे, म्हणजे घरातील प्रत्येकास ते वेळेवर सापडेल.